पाणी पी गं, थांबायचं कुठे ते मी सांगते

तुझा मेसेज वाचला. गणपतीला ठाण्याहून कणकवलीला गाडीने जायचंय, बरोबर तीन वर्षांची लेक, गुडघ्यांनी बेजार सासूबाई, बीपीसाठी पाण्याची गोळी घेणारे सासरे, त्यात तुझी तारीखही नेमकी त्याच आठवड्यात. हे सगळं लिहून झाल्यावर जाता जाता विचारल्यासारखं विचारलंस, 'ताई, वाटेत बाथरूमचं काय करतेस गं?' खरं सांगू का, मुख्य प्रश्न हाच होता, तो फक्त लाजून शेवटी आला. लाजू नकोस. या विषयात आपल्या आयांनी आपल्याला एवढंच शिकवलं, 'निघताना जाऊन ये.' पुढच्या दहा-बारा तासांचं काय, ते कोणी सांगितलंच नाही.

तर आधी पाण्याचं. तू काय करणार आहेस ते मला इथे बसून दिसतंय. आदल्या रात्रीपासून पाणी कमी, सकाळी फक्त घोटभर चहा, आणि गाडीत कोणी बाटली पुढे केली की 'नको, तहान नाहीये'. मग गावाला पोचल्यावर डोकं ठणकतंय, लघवीला जळजळतंय, आणि दारात गणपती आलेला. बघ, पाणी तोडलं म्हणून लघवी व्हायची थांबत नाही, ती फक्त घट्ट होते. अशी घट्ट लघवी मूत्राशयाला टोचते, त्यामुळे थोडीशी साठली तरी जावंसं वाटायला लागतं. म्हणजे ज्यासाठी तहान मारली तेच पदरात. शिवाय बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, जंतूंना फार लांब जावं लागत नाही. तासन्तास दाबून धरलं आणि वरून पाणीही नाही, तर इन्फेक्शनला आमंत्रणच. तेव्हा पाणी प्यायचं. एका दमात अर्धी बाटली रिकामी करू नकोस, थोड्या थोड्या वेळाने दोन-चार घोट घेत राहा. कमीच करायचं असेल तर चहा कमी कर, त्याने घाई वाढते. आणि पोट साफ व्हावं म्हणून आदल्या रात्री चूर्णबिर्ण घ्यायच्या भानगडीत पडू नकोस. मी एकदा घेतलं होतं. चूर्ण उत्तम होतं, पण त्याने कशेडी घाट सुरू व्हायची वाट बघितली.

पाणी प्यायचं तर थांबणं ठरलेलं हवं. आणि ते आदल्या दिवशी जेवताना ठरवायचं, गाडीत बसल्यावर नाही. गाडीत काय होतं ते तुला माहीत आहे. तू म्हणतेस, 'जरा थांबूया का कुठे?' नवरा म्हणतो, 'पुढे चांगलं हॉटेल आहे.' ते चांगलं हॉटेल नेमकं उजव्या हाताला निघतं, कट चुकतो, मग त्याच्या पुढचं. वाईट नसतो गं तो. त्याला लागलेली नसते, आणि लागली तर त्याला एखादं झाड पुरतं. म्हणून विचारायचंच नाही. 'दर दोन तासांनी गाडी थांबणार, कोणाला लागलेली असो नसो, सगळे उतरणार,' असं सरळ जाहीर करून टाक. सासूबाईंचे पाय मोकळे होतील, चालवणाऱ्याच्या डोळ्यांना आराम मिळेल, ही कारणं आहेतच. पण तुला जायचं असतं, हे कारणही भरपूर आहे.

दोन तासही उगाच म्हणत नाही. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण चार-पाचशे मिली मावतं आणि ते निम्मं भरायच्या आतच पहिली जाणीव होते. लहान मुलांसाठी डॉक्टर एक सोपा ठोकताळा लावतात, वयात दोन मिळवायचे आणि तिसाने गुणायचं. तुझ्या लेकीचे झाले दीडशे मिली. म्हणजे ती 'आई, शू' म्हणते तेव्हा तिच्याकडे 'पुढच्या पंपापर्यंत' असं काही शिल्लक नसतं.

आता रस्ता. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय, तेव्हा वेळेचं कोणाचंही आश्वासन खरं धरू नकोस. पल्ला साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, पण गणपतीच्या आधीच्या दोन दिवसांत तो किती तासांचा होईल हे बाप्पालाच ठाऊक. एक बरं आहे, अडकायच्या जागा ठरलेल्या आहेत. वडखळ, कोलाड, इंदापूर आणि माणगाव. माणगावात रस्ता भर बाजारपेठेतून जातो, तिथे गाडी अडली की पुढे बंपर, मागे बंपर, खिडकीतून हात बाहेर काढला तर शेजारच्या गाडीतल्याचा फरसाण हाताला लागेल. म्हणून माझा नियम असा, की कोंडीच्या आधी जाऊन घ्यायचं, लागलेली नसली तरी. पहिला थांबा पेणच्या आसपास, दुसरा कोलाड यायच्या आधी. मग महाड किंवा पोलादपूर नक्की, कारण पुढे कशेडी. आता बोगद्यामुळे घाटाची वळणं वाचतात, पण बोगद्यात थांबता येत नाही आणि तोंडाशी गाड्या तुंबल्या की तुंबल्या. पुढे चिपळूण, मग हातखंबा किंवा लांजा. आणि राजापूरला उतरायचंच. तिथून सगळे 'आता काय, पोचलोच' म्हणायला लागतात, आणि खारेपाटण, तळेरे करत अजून तास-दीड तास जातो. सगळ्यात जास्त हाल त्याच टप्प्यात होतात, विचार कोणालाही.

तुमचे हे कोल्हापूरवरून जाऊ म्हणत असतील तर तेही चालेल. लांब पडतं, पण सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर या पट्ट्यात सोयी पुष्कळ बऱ्या आहेत. फक्त घाट उतरण्याआधी, गगनबावडा असो की फोंडा, कोल्हापूर सोडतानाच सगळ्यांना पाठव. घाटात फक्त धुकं मिळतं.

थांबायचं कुठे? माझी पहिली पसंती नवा, मोठा पेट्रोल पंप. पंपावर स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि हवा मोफत देणं हे पंपवाल्याचं कामच आहे, उपकार नाहीत. शक्य असेल तिथे टाकी अर्धीच भरत जा, म्हणजे थांबण्यापुरतं निमित्तही हातात राहतं आणि कोणी तोंड वाकडं करत नाही. फारच घाण असेल तर तक्रारवही माग. नुसती मागितली तरी कोणीतरी बादली घेऊन पळतं, असा माझा अनुभव आहे. दुसरा पर्याय हॉटेल, पण जिथे तीन-चार लक्झऱ्या उभ्या दिसतील तिथे ब्रेकसुद्धा दाबू नकोस. आत दीडशे माणसं, बायकांना दोन संडास, त्यातल्या एकाचं दार लागत नाही. त्याऐवजी बाजूचं छोटं, पाटीवर 'घरगुती जेवण' लिहिलेलं ठिकाण बघ, शक्यतो जिथे बाई गल्ल्यावर बसली असेल असं. एसटी स्टँड शेवटचा पर्याय. वाटेतल्या दर मोठ्या गावात असतोच आणि पाच-दहा रुपयांत काम होतं, पण अवस्था नशिबावर. सुटे पैसे मात्र ठेव.

हॉटेलात आत गेलीस की तिथले लोक कोपऱ्याकडे बोट दाखवतात आणि तू तिथवर गेलीस की दाराला कुलूप. लेडीज टॉयलेटची किल्ली गल्ल्यामागच्या खिळ्यावर असते, एखाद्या लाकडी ठोकळ्याला नाहीतर रिकाम्या बाटलीला बांधलेली, कोणी खिशात घालून नेऊ नये म्हणून. ती मागताना आपण उगाच कुजबुजतो. कशाला? 'दादा, लेडीजची किल्ली द्या,' हे चहा मागतो तेवढ्याच आवाजात म्हणायचं. मागे उभ्या असलेल्या दोघी-तिघींचीही सोय होते, त्याही तेच मागायला घुटमळत असतात.

आतली तयारी सांगते. गाडीत रबरी चपलांचा एक जोड फक्त संडासासाठी ठेव, ओल्या फरशीवर चांगल्या सँडल नकोत. सलवार किंवा पँटचे पाय आत शिरण्याआधी वर दुमडून घे. मोबाईल मागच्या खिशात अजिबात नको, का ते विचारू नकोस. पर्स बाहेर कोणाकडे तरी दे, नाहीतर गळ्यात तिरकी अडकव, खुंटी नसतेच. कडी मोडकी असेल तर बाहेर एकीने दार धरून उभं राहायचं. देशी पद्धतीचा संडास मिळाला तर तोच घे, अंगाला काही लागत नाही. कमोडच असला तर आपण सगळ्या अर्धवट वाकून, मांड्या थरथरत उरकतो, आणि त्यात मूत्राशय पुरतं रिकामं होत नाही, मग अर्ध्या तासात पुन्हा. त्यापेक्षा सीट पाण्याने धू, पूस, कागद घाल आणि नीट बस. घाई करू नकोस. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला तर वाजू दे.

या सगळ्यासाठी एक कापडी पिशवी वेगळी कर आणि ती डिकीत टाकू नकोस, पायाशी ठेव. टिशू, कागदी साबण, सॅनिटायझर, छोटी टॉर्च, जुनी वर्तमानपत्रं, झिपच्या पिशव्या, एक दोरी. आणि एक लिटरची बाटली, जिच्या झाकणाला सुईने पाच-सहा भोकं पाडलेली. उलटी करून दाबली की छान धार येते, नळ असो नसो. आजी टमरेल घेऊन परसाकडे जायची, आपण ही बाटली घेऊन पंपावर जातो, एवढाच काय तो विकास.

आणि समज कोंडीतच लागली, पुढे मागे काही नाही, तर? तर रस्त्याकडेला उरकायचं, त्यात पाप नाही. गाडी पूर्ण डावीकडे, वळणावर नाही, इंडिकेटर चालू. डाव्या बाजूची पुढची आणि मागची दोन्ही दारं उघडायची, मध्ये एक खोलीच तयार होते. तिसऱ्या बाजूने सासूबाईंनी छत्री उघडून धरायची, पाऊस असतोच, कोणाला शंकाही येत नाही. गवतात आत शिरू नकोस, भाद्रपदात तिथे काय काय वळवळत असतं. बायकांना उभ्याने जाता यावं म्हणून कागदी किंवा सिलिकॉनचं नरसाळं मिळतं हल्ली, मेडिकलमध्ये किंवा ऑनलाइन. चांगली वस्तू आहे, पण घरच्या बाथरूममध्ये आधी सराव कर. पहिला प्रयोग महामार्गावर नको. कपडे सैल घाल, घेरदार कुर्ता आणि इलॅस्टिकची सलवार. नाडीला निरगाठ बसायची वेळ नेमकी हीच असते. मी एका प्रवासात जम्पसूट घालून गेले होते. फोटो फार सुंदर आलेत, बाकीचं भेटल्यावर सांगेन.

सासूबाईंचं जपून. त्या तुझ्यापेक्षा जास्त पाणी तोडणार, आणि सांगणार नाहीत. देशी संडासावर गुडघे वाकत नाहीत, बाहेरच्या कमोडचा भरवसा नाही, म्हणून त्या सकाळपासून उपाशीच बसतील 'उपास आहे' म्हणून. सर्जिकलच्या दुकानात घडीचं कमोड स्टूल मिळतं, देशी भांड्यावर ठेवलं की काम होतं, डिकीत सहज मावतं. मोठ्या माणसांचे चड्डीसारखे चढवायचे डायपरही मिळतात. ते त्यांच्या हातात देऊन 'आई, हे घाला' म्हणालीस तर महाभारत होईल. त्यापेक्षा म्हण, 'आई, रस्त्याचा भरवसा नाही, मी घालून बसणार आहे, तुमच्यासाठीही एक घेतलाय.' आणि खरंच घाल. काय बिघडतं? अडकलो तर निश्चिंत, नाही अडकलो तर उतरल्यावर टाकून द्यायचा. सासऱ्यांच्या पाण्याच्या गोळीबद्दल डॉक्टरांना आजच फोन कर, त्या दिवशी वेळ पुढे-मागे करता येईल का म्हणून. स्वतःच्या मनाने चुकवायला लावू नकोस, त्यांनाही चुकवू देऊ नकोस. त्यांच्यासाठी झाकणाचा युरिन पॉट मेडिकलमधून आण आणि मुलाकरवी त्यांना दे, तुझ्या हातून नको. काही गोष्टी मुलानेही करायच्या असतात.

लेकीचा डायपर सुटलाय म्हणतेस, आणि परत घातला तर सवय बिघडेल अशी भीती. नाही बिघडत गं. 'ही गाडीतली चड्डी' असं नाव दे आणि गाव आलं की काढून टाक, मुलांना हे आपल्यापेक्षा लवकर कळतं. तरी थांब्यावर तिला बसवायचंच. तिचं रोजचं प्लास्टिकचं पॉटी बरोबर घे, आत पिशवी आणि त्यात एक उघडलेला डायपर पसर, तो सगळं शोषून घेतो, गाठ मारली की संपलं. नवीन, अंधाऱ्या संडासात मुलं बसत नाहीत, मग शी धरून ठेवतात आणि गावाला पोचल्यावर दोन दिवस रडारड. पॉटी ओळखीचं असलं की हे टळतं. सीटखाली रबरी शीट आणि कपड्यांचे दोन जोड हाताशी. झालीच गाडीत, तर ओरडू नकोस. ती आधीच घाबरलेली असते.

तुझ्या पाळीचं. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं, भरलेलं दिसो न दिसो, पावसाळी दमटपणात पुरळ पटकन येतं. दुसऱ्या थांब्याला बदलायचंच असं ठरवून टाक. वापरलेलं वर्तमानपत्रात गुंडाळून झिपच्या पिशवीत, कचऱ्याची पेटी दिसेपर्यंत गाडीत. संडासात टाकू नकोस, तुझ्यानंतर येणारी तुंबलेलं भांडं बघते. कप वापरत असशील तर बारा तासांपर्यंत चिंता नाही, पण आयुष्यात पहिल्यांदा याच प्रवासात वापरून बघू नकोस. आणि पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. घरात गणपती, सोवळंओवळं, कोणीतरी 'घे की एक गोळी' म्हणेलच. तुझ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून घेऊ नकोस. या गोळ्या सगळ्यांना चालत नाहीत, आणि कोणाच्या घरात रक्ताच्या गुठळ्यांचा किंवा मायग्रेनचा इतिहास असतो, ते दुकानदाराला कुठून कळणार? मला विचारशील तर बाप्पाला याचं काहीही वाटत नाही. पण ते तुझ्या सासरी सांगायला मी येणार नाही, ते तुझं तू बघ.

कधी कधी वाटतं, एवढी तयारी बायकांनीच का करायची? वाटायलाच हवं. मुंबईत २०११ मध्ये बायकांनी 'राइट टू पी' नावाची मोहीम काढली तेव्हा लोक हसले होते. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी' मासिकाच्या विद्या बाळ याच प्रश्नावर कोर्टात गेल्या आणि डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकांना रस्त्यांवर बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृहं उभारायला सांगितलं. २०२५ च्या ऑक्टोबरात तर महामार्ग प्राधिकरणानेच जाहीर केलं होतं, की टोलनाक्यावरच्या घाणेरड्या शौचालयाचा फोटो 'राजमार्गयात्रा' ॲपवर टाका आणि फास्टॅगवर हजार रुपये मिळवा. म्हणजे घाण आहे हे त्यांनाही ठाऊक. ती योजना महिनाभराचीच होती, पण ॲप ठेव फोनमध्ये, १०३३ हा महामार्गाचा मदत क्रमांकही ठेव. गणपतीच्या दिवसांत सरकार याच रस्त्यावर सुविधा केंद्रं उभी करतं, मांडव घालून, तिथे बायकांची आणि बाळांची सोय असते. लाजून पुढे जाऊ नकोस, ती तुझ्यासाठीच असतात.

पोचल्यावर दोन दिवस लक्ष ठेव. जळजळ होत राहिली, ताप आला किंवा पाठीत कंबरेच्या वर दुखायला लागलं, तर 'प्रवासाचा शीण' म्हणून अंगावर काढू नकोस, मोदक वळायला दुसऱ्या कोणाला तरी बसव आणि डॉक्टरकडे जा.

आणि हो, घरी पोचलीस म्हणजे संपलं असं समजू नकोस. गावच्या घरी चाकरमानी वीस, संडास मागच्या अंगणात एकच, आणि आरतीच्या आधी सगळ्यांना अंघोळ हवी. पहाटे साडेचारचा गजर लाव. पाचला आत्याबाई उठतात, आणि त्या एकदा आत गेल्या की वर्तमानपत्र घेऊन जातात.